पुढचं गाणं कोणतं? तुमचे प्रश्न, ताईची उत्तरं

मागच्या अंकात मी बोलता बोलता लिहून गेले की डीजेचं अर्धं काम म्हणजे पुढचं गाणं निवडणं, बाकी बटणं काय कोणीही दाबेल, आणि त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आलीत की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. काही जण बटणांवरून चिडलेत, बहुतेकांना खरंच जाणून घ्यायचंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलेले थोडे कापलेत, नावं नेहमीसारखीच छापत नाहीये.

प्रश्न: ताई, एक गाणं चालू असताना पुढचं कोणतं लावायचं हे नेमकं कधी आणि कसं ठरवता? बाहेरून बघताना वाटतं की डीजे नुसता एका कानाला हेडफोन लावून मान हलवतोय. की सगळं घरूनच ठरवून आणलेलं असतं?

उत्तर: आधी वेळेचा हिशोब बघा म्हणजे ती मान हलवणारी व्यक्ती काय करत असते ते कळेल. समजा साडेतीन मिनिटांचं गाणं आहे आणि वेग १२० बीपीएम, म्हणजे मिनिटाला १२० ठोके, अर्ध्या सेकंदाला एक. चार ठोक्यांचा एक बार, असे आठ बार म्हणजे ३२ ठोके, १६ सेकंद. नाचायच्या गाण्यांत काहीही नवीन घडायचं असेल, बेस येणं, गायकाचा आवाज लागणं, सगळं थांबून परत सुरू होणं, ते बहुतेक वेळा अशा तुकड्याच्या पहिल्या ठोक्यालाच घडतं, आपण समेवर येणं म्हणतो ना तसंच. आता पहिले दोन तुकडे मागच्या गाण्यातून बाहेर पडण्यात गेले, शेवटचे दोन पुढच्यात शिरण्यात, म्हणजे मिनिटभर तर तिथेच गेलं. उरली जेमतेम अडीच मिनिटं. तेवढ्यात गाणं शोधायचं, हेडफोनवर ऐकायचं, वेग जुळवायचा, कुठून सुरू करायचं तो क्यू लावून ठेवायचा आणि मधेमधे मान वर करून समोर माणसं अजून उभी आहेत का तेही बघायचं.

म्हणून हजारो गाण्यांतून एक, असं कधीच होत नसतं, माझ्या डोक्यात एका वेळी चार-पाचच उमेदवार असतात. वेगामुळे बरीच गाणी आपोआप गळतात, १२२ वर असताना मी १७४ चं गाणं बघतही नाही. मग रात्र कुठवर आलीय त्यावरून काही गळतात. मग आत्ताच्या गाण्यात काय चाललंय ते, म्हणजे याचा शेवट गाण्याच्या ओळींनी भरलेला असेल तर पुढच्याची सुरुवात मला नुसत्या ड्रमची हवी, दोन गायक एकमेकांवर बोलायला लागले की दोघांचंही कळत नाही. आणि दोन गाण्यांचे बेस एकावर एक आले की खालचा आवाज नुसता चिखल होतो, तेव्हा एकाचा बेस पूर्ण खाली घेऊनच दुसऱ्याचा वर आणायचा, ही अदलाबदल कुठे करता येईल तेही निवडतानाच बघायचं.

एवढं करूनही दोन-तीन उरतातच. आणि इथे मी जे करते ते मला कोणी शिकवलं नाही, बऱ्याच फजित्यांनंतर सापडलं. मी पुढचं गाणं निवडत नाही, त्याच्या पुढचं निवडते. गल्लीत गाडी घालण्याआधी ती पलीकडून निघते का हे आपण बघतो की नाही, तसं. उदाहरण घ्या. फ्लोअर, म्हणजे नाचायची जागा, आत्ताच गरम व्हायला लागलंय, चालू गाणं १२२ वर आहे, माझ्याकडे दोन गाणी आहेत. एक १२६ चं, सगळ्यांना तोंडपाठ, लावलं की आरडाओरडा पक्का. दुसरं १२३ चं, फारसं कोणाला माहीत नसलेलं, नुसता ग्रूव्ह, म्हणजे पाय हलवणारा ठेका. पहिलं लावलं तर त्यानंतर मी कुठे जाणार, एकतर त्याहून मोठं गाणं हवं नाहीतर उतरण, आणि रात्र अजून अर्धीसुद्धा झालेली नाही. दुसऱ्यानंतर मात्र वर जाता येतं, तिथेच रेंगाळता येतं, मूड बदलता येतो, आणि ते १२६ वालं गाणंही शाबूत राहतं. म्हणून आत्ता दुसरं. तासाभराने हेच दोन उमेदवार असते तर उत्तर उलटं आलं असतं.

आधी ठरवण्याबद्दल म्हणाल तर मी अख्खा सेट, म्हणजे माझ्या वेळात वाजवायची सगळी गाणी, नाही ठरवत, जोड्या ठरवते. घरी वाजवताना सापडतं की ही दोन किंवा तीन गाणी एकामागोमाग मस्त बसतात, ती लक्षात ठेवते. तिथे जाऊन अशा जोड्यांमधल्या मोकळ्या जागा भरायच्या. पूर्ण ठरवून गेले होते एकदा, चाळीस गाणी क्रमाने लिहून, आणि माझ्या आधीच्या डीजेने माझी पहिली दोन गाणी माझ्यासमोर वाजवली, तीही लागोपाठ. मी हसले, काय करणार.

आणि समोरच्यांकडे बघून ठरवणं ही काही नवीन फॅशन नाही बरं का. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात एका इमारतीच्या हॉलमध्ये डीजे कूल हर्क वाजवत होता, त्या रात्रीला लोक हिपहॉपचा वाढदिवस म्हणतात. त्याचं निरीक्षण साधं होतं, नाचणारे गाण्यात फक्त ड्रम उरतात त्या तुकड्याची, ब्रेकची, वाट बघत थांबतात आणि तो आला की तुटून पडतात. मग त्याने ब्रेकनंतर ब्रेकच लावायला सुरुवात केली, पुढे एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन तोच तुकडा परत परत लांबवला. लोक कशाची वाट बघतायत हे बघितलं आणि तेच दिलं, त्यातून एक अख्खा संगीतप्रकार उभा राहिला.

प्रश्न: मी सहा महिन्यांपासून शिकतोय. सॉफ्टवेअर प्रत्येक गाण्याची की, म्हणजे ते कोणत्या सुरांत बसवलंय ते, दाखवतं, ८ए, ९ए वगैरे. मला सांगितलंय की ८ए नंतर ७ए, ९ए किंवा ८बीच लावायचं, नाहीतर बेसूर होतं. मी काटेकोर तेच करतो, बेसूर कधीच होत नाही, पण सेट रेकॉर्ड करून ऐकला की कंटाळा येतो. काय चुकतंय?

उत्तर: चुकत काहीच नाहीये, तोच तर प्रॉब्लेम आहे. हे जे आकडे तू बघतोस ते कॅमेलॉट व्हीलचे, घड्याळासारखं १२ आकड्यांचं चाक, ए म्हणजे मायनर, बी म्हणजे मेजर, पाश्चात्य संगीतातल्या सुरांच्या दोन मांडण्या. ८ए म्हणजे ए मायनर (इथला ए हे सुराचं नाव), ९ए म्हणजे ई मायनर. दोघांच्या सात सुरांपैकी सहा एकच आहेत, फक्त एक वेगळा, म्हणून ते भांडत नाहीत. ८ए आणि ८बी चे तर सातही सूर तेच, फक्त मुक्कामाचा सूर बदलतो. आणि चाकावर एक घर पुढे जाणं म्हणजे सा वरून प वर जाणं, आपल्या कानाला हे नातं तानपुऱ्यापासून ओळखीचं आहे, त्यात कसली जादू नाही. पण हे चाक एवढंच सांगतं की या दोघांचं भांडण होणार नाही. लग्न जमेल असं ते कुठेच म्हणत नाही!

तू काय करतोयस, रात्रभर शेजारच्याच घरात जातोयस. सहा सूर तेच, परत सहा सूर तेच, उजेड बदलतच नाही मग कंटाळा येणारच. हे करून बघ. एक, की चा विचार तेव्हाच करायचा जेव्हा दोन्ही गाण्यांचे सूर एकाच वेळी ऐकू येणार असतील. नुसत्या ड्रमवर नुसते ड्रम मिसळत असशील तर की काहीही असो, कोणाला कळणार. म्हणजे शेवटी ड्रम असलेलं गाणं आणि सुरुवातीला ड्रम असलेलं गाणं या जोडीत तुला अख्खं चाक मोकळं आहे. दुसरं म्हणजे मुद्दाम उडी मारून बघ, ८ए वरून ३ए, म्हणजे सात घरं पुढे, ही प्रत्यक्षात अर्ध्या सुराची चढण असते, ए मायनरवरून बी फ्लॅट मायनर. हे लांबवर मिसळू नकोस, घाण वाटेल, पण तुकडा संपताना झटकन कापलंस तर खोलीतली हवा बदलल्यासारखं होतं, लोकांना कळत नाही काय झालं पण खांदे वर जातात. एका रात्रीत एकदोनदाच हां.

आणि सॉफ्टवेअरवर डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस. त्याची गफलत बऱ्याचदा ए आणि बी मध्येच होते, सूर तेच असतात म्हटल्यावर त्याचाही गोंधळ होतो बिचाऱ्याचा. बीपीएममध्येही ८७ चं गाणं १७४ दाखवतं, अर्धं किंवा दुप्पट. शिवाय वेग बदललास की सूरही सरकतो, साधारण ६ टक्के वेग वाढवला की गाणं अर्ध्या सुराने वर जातं. जुन्या टर्नटेबलवर हे टाळताच यायचं नाही, १९७९ चं टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ घेतलं तर त्याचा स्लायडर ८ टक्के वर आणि ८ टक्के खाली जायचा, म्हणजे टोकाला नेला तर अर्ध्या सुराहून जास्तच. आता की लॉक असतो, तो वेग बदलला तरी सूर जागेवर ठेवतो, पण फार ताणलं की गायकाचा आवाज पत्र्यासारखा होतो. मी स्वतः तीन-चार टक्क्यांच्या पुढे शक्यतो जात नाही.

प्रश्न: सिंक बटण, म्हणजे दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळवणारं, वापरणं म्हणजे चीटिंग ना? खरं सांगा.

उत्तर: नाही. न्यूयॉर्कच्या सँक्चुअरी क्लबमध्ये १९७० च्या सुमारास फ्रान्सिस ग्रासो नावाचा डीजे दोन रेकॉर्डचे ठोके कानाने जुळवायचा, तेव्हा ते करून दाखवणं हीच मोठी गोष्ट होती. आज मशीन ते करतं, करू दे, वाचलेला वेळ फ्लोअर बघण्यात घाला. कानाने जुळवायला मात्र शिकाच, कारण सत्तरच्या दशकातल्या गाण्यांत खराखुरा ड्रमर बसलेला असतो, तो थोडा मागेपुढे होतो, मशीनने आखलेली ठोक्यांची ग्रिड त्याच्यावर नीट बसत नाही आणि सिंक तुम्हाला भर फ्लोअरवर तोंडावर पाडतं. आणि तसंही सिंक दोन गाणी जुळवून देतं, कोणती दोन ते नाही सांगत. त्याच न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मँकुसो १९७० पासून आपल्या राहत्या जागेत लॉफ्ट नावाच्या पार्ट्या करायचा, त्याने तर पुढे मिक्सिंगच सोडून दिलं, रेकॉर्ड सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण वाजवायचा, संपली की दुसरी. ठोके जुळवणं नाही, काही नाही, फक्त निवड आणि क्रम. तरी लोक पहाटेपर्यंत हलायचे नाहीत तिथून.

प्रश्न: मॅडम, मी फॅमिली फंक्शनमध्ये वाजवतो, आजोबांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे असतात. फरमाईशींनी जीव नकोसा होतो. लावलं तर माझा फ्लो तुटतो, नाही लावलं तर लोक तोंड पाडतात, एकाने तर माझ्या लॅपटॉपला हात लावला. काय करावं?

उत्तर: लॅपटॉपला हात लावणाऱ्याला माझ्याकडेही उत्तर नाही, टेबल भिंतीला लावून ठेवा, मागून कोणी येता कामा नये.

पण फरमाईशीवर एवढे वैतागू नका. मीही वैतागायचे, मग लक्षात आलं की ही फुकटात मिळणारी माहिती आहे. लोक काय मागतायत यापेक्षा कोण मागतंय ते बघा. नाचता नाचता घामाने भिजलेला माणूस येऊन काही मागत असेल तर तो तुमच्याच गाडीत बसलेला आहे, त्याची फरमाईश बहुतेक तुमच्या फ्लोमध्येच बसणारी असते. तासभर खुर्चीतून न उठलेला माणूस येऊन म्हणाला की "काहीतरी चांगलं लावा ना" तर तो स्वतःबद्दल सांगतोय, फ्लोअरबद्दल नाही. आणि वेगवेगळ्या तीन जणांनी एकाच काळातली गाणी मागितली तर ती फरमाईश राहिली नाही, तो कौल झाला.

मी कधीही "आत्ता लावते" म्हणत नाही आणि "नाही" पण म्हणत नाही. "आहे माझ्याकडे, जागा मिळाली की लावते" एवढंच, आणि खरंच ते गाणं उमेदवारांच्या यादीत टाकते. मग ते १०० बीपीएमचं असेल आणि मी १२६ वर असेन तर उतरायची वेळ येईपर्यंत थांबते. एकदा एका मुलीने चार वेळा येऊन एकच गाणं मागितलं, मी बिचारी त्यासाठी वीस मिनिटं जागा तयार करत आणली, वेग उतरवला, मूड बदलला, शेवटी लावलं, आणि बघते तर बाईसाहेब निघून गेलेल्या. बाकीचे मात्र तुफान नाचले, म्हणजे ती बरोबरच होती.

सगळ्या वयांचा जमाव असेल तर मी एक पथ्य पाळते, एका पिढीची दोन किंवा तीन गाणी लागोपाठ, एक-एक आलटून पालटून नाही. एका गाण्यासाठी माणूस खुर्चीतून उठून येईपर्यंत ते गाणं अर्धं संपलेलं असतं, दुसरंही त्याचंच लागलं की मग तो टिकतो. आणि दोन पिढ्यांमधला पूल म्हणून जुन्या गाण्याचं नवं रूप किंवा दोघांनाही पाठ असलेलं एखादं गाणं, अशी दहाएक गाणी कायम वेगळी काढलेली असू द्या.

प्रश्न: फ्लोअर अचानक रिकामं झालं तर? माझं झालं होतं, हात थंड पडले, मी घाबरून लगेच गाणं कापून दुसरं लावलं, मग तिसरं, आणि उरलेलेही गेले.

उत्तर: अगं हे सगळ्यांचं झालंय, माझंही, आणि नेमकं असंच. या पत्रावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय.

पहिली गोष्ट, रिकामं होणं आणि विश्रांती घेणं यात फरक आहे. तीन-चार मोठी गाणी लागोपाठ झाली की माणसं थकतात, पाणी प्यायला जातात, ती काही तुझ्यावर रुसलेली नसतात. कशी ओळखायची? जाताना बघ. गाणं सुरू झाल्या झाल्या पहिल्या तुकड्यातच लोक निघाले तर गाणं चुकलं. गाण्याच्या मधे, निवांत, हसत, गप्पा मारत निघाले तर ते दमलेत. आणि मधल्यांकडे बघू नकोस, मधे तर कायम तेच पाच उत्साही असतात जे कशावरही नाचतील. कडेला बघ. कडेची माणसं अर्धी आत अर्धी बाहेर असतात, त्यांचे पाय कुठे वळलेत, फोन कधी बाहेर येतायत, ते पहिले सांगतात. कडेचे फोन बाहेर यायला लागले की माझ्या हिशोबाने अजून एखादं गाणं हातात असतं.

दुसरं, घाबरून कापायच्या आधी आवाज तपास. खरंच सांगते, जी गाणी "पडली" असं मला वाटायचं त्यातली कितीतरी नुसती हळू होती. जुनी रेकॉर्डिंग नव्यांपेक्षा बऱ्याचदा कमी आवाजात असतात, मिक्सरवर गेन, म्हणजे त्या गाण्याची आवाजाची पातळी, वाढवला नाही की बेस गेल्यासारखं होतं आणि लोकांना वाटतं पार्टी संपली. मीटर बघ, मागच्या गाण्याएवढा येतोय ना.

तेही ठीक असेल आणि गाणंच चुकलं असेल तर तुकडा संपेपर्यंत थांब. १६ सेकंद, फार तर ३२. मधेच कापलंस तर उरलेल्यांना कळतं की तू घाबरलीस, आणि घाबरलेल्या डीजेसमोर कोणी नाचत नाही. मग पुढचं निवडताना सगळं एकदम बदलू नकोस, तू तेच केलंस, वेग, प्रकार, भाषा, सगळंच फिरवलंस. त्याने दोन गोष्टी होतात, जे टिकले होते तेही उपरे होतात आणि नेमकं काय चुकलं होतं ते तुला शेवटपर्यंत कळत नाही. एकच गोष्ट बदल. वेग तोच ठेव, पण ओळखीचं गाणं आण. चाललं, म्हणजे अनोळखी गाणी जास्त झाली होती. नाही चाललं तर ओळखीचंच ठेवून वेग उतरव. डॉक्टर एकदम पाच गोळ्या बदलत नाही ना, तसं.

आता याच्या उलटही सांगते. शिकागोच्या म्युझिक बॉक्स क्लबमध्ये तिथला डीजे रॉन हार्डी याच्याकडे फ्युचर नावाच्या गटाने एक टेप आणून दिली होती, त्यात बेसच्या मशीनमधून असले चित्रविचित्र आवाज काढलेले की पहिल्यांदा लावल्यावर लोक नाचायचे थांबले. त्याने त्याच रात्री ती परत लावली. मग परत. चौथ्यांदा लावली तेव्हा लोक वेडे झाले, आणि तिथून ॲसिड हाउस नावाचा प्रकारच निघाला, १९८७ मध्ये ती रेकॉर्ड म्हणून बाहेर आली. म्हणजे रिकामं फ्लोअर म्हणजे चूक असंही दरवेळी नसतं. पण हार्डीने ती लागोपाठ चारदा नव्हती लावली, मधे लोकांना परत आणत होता, आणि ती माणसं दर आठवड्याला त्याच्यासाठीच यायची. तुझी-माझी अजून तेवढी उधारी नाहीये लोकांकडे.

प्रश्न: ताई, पुढच्या महिन्यात पहिल्यांदा खऱ्या क्लबमध्ये वाजवणार आहे! पहिला दीड तास माझा, नंतर एक मोठे डीजे आहेत. माझी सगळ्यात भारी गाणी पहिल्यांदाच लावू का, छाप पाडायला?

उत्तर: नको रे बाबा. ओपनिंगचं काम म्हणजे खोली उबदार करणं, पेटवणं नाही. तू १३० वर मोठे मोठे ड्रॉप, म्हणजे सगळं थांबून एकदम जोरात येणारे तुकडे, लावून ठेवलेस तर नंतरच्या माणसाने जायचं कुठे? मी हे केलंय, माझ्या पहिल्याच वर्षी, माझ्यानंतरचे डीजे काही बोलले नाहीत, फक्त माझं शेवटचं गाणं पूर्ण संपू दिलं, काही सेकंद नुसती शांतता ठेवली आणि ११८ वरून सुरुवात केली. ती शांतता मला अजून ऐकू येते.

ते डीजे साधारण कुठल्या वेगाने सुरू करतात ते आधी विचार, आणि त्याच्या दोन-तीन बीपीएम खाली तू संपव. सुरुवात समजा ११४ ची केलीस आणि संपायचं १२२ वर, तर दीड तासात वीस-बावीस गाणी होतात, म्हणजे दोन-तीन गाण्यांमागे एखादा बीपीएम चढायचा, इतकं हळू की कोणाला कळायलाच नको. त्यांची स्वतःची गाणी चुकूनही लावू नकोस. खोली अर्धी रिकामी असेल तेव्हा मला तर उलट मजा येते, लांब इंट्रोची, हळूहळू उलगडणारी, नंतर कधीच लावता येणार नाहीत अशी गाणी वाजवायची हीच वेळ असते. लोक आत येताना मान डोलवत आले की तुझं काम झालं.

प्रश्न: ९५ बीपीएमच्या गाण्यांवरून १२८ वर कसं जायचं? ओढूनताणून जुळत नाही.

उत्तर: जुळणारच नाही, जवळजवळ पस्तीस टक्क्यांचा फरक आहे, जुळवूच नका. तुकडा संपला की शेवटच्या शब्दावर इको सोडा, तो विरत असताना नवीन गाणं पहिल्या ठोक्यावर सुरू करा, पण ते पहिल्या दोन सेकंदांत ओळखू येणारं हवं, लोकांनी ओळखलं की वेगाची उडी माफ असते. अर्ध्या-दुपटीचा खेळ जमतो तिथे तो करा, ७० वरून १४०, ८७ वरून १७४, ठोके आपोआप एकावर एक बसतात. काही गाणी मधेच वेग बदलतात, किंवा लोक तशा एडिट बनवून ठेवतात, एका वेगात शिरायचं आणि दुसऱ्या वेगात बाहेर पडायचं, अशी चार-पाच जवळ असू द्या. पण अशी उडी तासात एखादीच.

प्रश्न: माझ्याकडे बारा हजार गाणी आहेत आणि ऐन वेळी एकही आठवत नाही.

उत्तर: कारण बारा हजार आहेत! एका रात्रीसाठी मी दीडशे-दोनशेच्या वर नेत नाही, दोन तासांत वाजतात तीस-चाळीस. आणि फोल्डर प्रकारानुसार लावत नाही, हाउस, टेक्नो, डिस्को असं. गाणं काय काम करतं त्यावरून लावते. माझ्या फोल्डरांची नावं हसण्यासारखी आहेत, "शिडी" म्हणजे हळूच वर नेणारी, "घाम" म्हणजे अर्थातच, "श्वास" म्हणजे दमलेल्यांना उभं ठेवणारी पण बसू न देणारी, आणि "दार" म्हणजे ज्यांच्यातून कुठेही जाता येतं अशी. दार सगळ्यात कमी आहेत, जेमतेम पंधरा, आणि नवीन गाणी ऐकताना मी खरं तर तीच शोधत असते. एकच गाणं दोन फोल्डरमध्ये असू शकतं. प्रत्येक गाण्यापुढे एक ओळ लिहून ठेवते, "२ मिनिटांनी सगळं थांबतं, सावध" असल्या. ऐन वेळी आठवत नाही तर वाचता तरी येतं.

प्रश्न: रात्रीचं शेवटचं गाणं कसं ठरवता?

उत्तर: ते सगळ्यात आधी ठरवते, घरून निघायच्या आधी. त्या एकट्याच गाण्याला पुढचं दार नको असतं, त्यामुळे वेग, की, काही बघावं लागत नाही, हळू असलं तरी चालतं, सहा मिनिटांचं असलं तरी चालतं, फक्त लोकांना गुणगुणत घरी जाता आलं पाहिजे. वाजवताना कुठे भरकटले तर मनात म्हणते की शेवटी तिथे पोचायचंय, आणि वाट सापडते. त्याच्यामागे खिशात अजून एक ठेवलेलं असतं, कारण दिवे लागले की कोणीतरी "एकच, एकच" ओरडतंच, पण ते लावायच्या आधी साउंडवाल्याला विचारून ठेवा तो नक्की किती वाजता मेन बंद करणार आहे, माझं एकदा पहिल्याच ओळीत बंद पडलंय.